डाग खाली, गळती वर

गाडीखाली तेलाचा डाग पडला की तो सगळ्यांत शेवटी मालकाला दिसतो. सगळ्यांत आधी दिसतो गाड्या पुसणाऱ्या मुलाला. पण त्याचा महिन्याचा करार काचा, बॉनेट आणि टपापुरता असल्यामुळे गाडीखाली काय चाललंय हा त्याच्या अखत्यारीतला विषय नसतो. मग तो वॉचमनला दिसतो. वॉचमन सेक्रेटरींच्या कानावर घालतो, सेक्रेटरी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतात, फोटोखाली तिघे-चौघे हात जोडतात (कशासाठी, ते आजवर कुणी विचारलेलं नाही), आणि मग मालकाला फोन येतो, "जरा खाली येता का? नाही, नाही, विशेष काही नाही." सोसायटीत 'विशेष काही नाही' म्हणून खाली बोलावलेला माणूस अर्ध्या तासाच्या आत परत वर गेल्याचं उदाहरण नाही.

खाली आल्यावर डागाकडे बघून मालक जे पहिलं वाक्य बोलतो, तेही ठरलेलं आहे : "एसीचं पाणी असेल." माझ्या बाबतीत या वाक्यात एकच अडचण होती. माझी गाडी म्हणजे जुनी मारुती ८००, आणि तिला एसी नाही. हा मुद्दा सेक्रेटरींनी ताबडतोब उपस्थित केला. मग त्यांनी वाकून डागात बोट बुडवलं, ते नाकाशी नेलं, अंगठ्यावर चोळलं आणि जाहीर केलं, "तेल आहे. आणि तुमचंच आहे."

तसं पाहिलं तर गाडी काय काय गाळू शकते, याला मर्यादा आहेत. आणि खाली येणारा प्रत्येक द्रव आपली ओळख सोबत घेऊनच येतो. एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि मागे काही न ठेवता वाळून जातं. रेडिएटरचा कूलंट हिरवा नाहीतर गुलाबी, बोटाला चिकट आणि वासाला गोडसर. ब्रेक ऑइल पातळ आणि पिवळट. ते चाकाच्या आतल्या बाजूला दिसलं तर गाडी जागची हलवायची नाही, मग लग्न कुणाचंही असो. गिअरबॉक्सचं तेल दाट आणि गंधकाच्या उग्र वासाचं. इंजिन ऑइल नवं असताना सोनेरी असतं आणि काही हजार किलोमीटर झाले की काळं पडतं. आमचं काळंकुट्ट होतं, त्यामुळे वादाला फारशी जागा नव्हती.

तरीही खात्री करून घ्यायची म्हणून रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. ही निदानाची जुनी आणि बिनखर्चाची पद्धत. सकाळी थेंब किती पडले आणि गाडीच्या कुठल्या भागाखाली पडले, ते कागदावर छापून मिळतं. आमच्याकडे नेमकं राशिभविष्याचं पान वर आलं होतं आणि थेंब माझ्याच राशीवर पडला होता. तेलातून 'अनपेक्षित खर्च' एवढीच अक्षरं वाचता येत होती. याचं श्रेय ज्योतिष्याला द्यायचं की गुरुत्वाकर्षणाला, हे घरात अजून ठरलेलं नाही.

आता थोडं गाडीच्या कुळाविषयी. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली, आणि जानेवारी २०१४मध्ये या गाडीचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाने या गाडीतून गणपती आणले, मुली सासरी पाठवल्या आणि एकदा तरी पाच मोठी माणसं, दोन मुलं व आंब्याची पेटी घेऊन बोरघाट चढला. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीन, आणि पोटात तेल मावतं जेमतेम तीन लिटर. एवढ्याशा तेलातून गळून गळून गळणार ते किती? सलाइनच्या हिशेबाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर रोज एक थेंब म्हणजे वर्षाला अठरा मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचे चार चमचेसुद्धा होत नाहीत. पण हा हिशेब सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालत नाही. चार चमचे तेल फरशीवर पसरलं की बघणाऱ्याला ते चार लिटर दिसतं, आणि फरशी बसवतानाच्या वर्गणीवरून वर्षभर भांडलेल्या माणसाला आठ लिटर दिसतं.

जुन्या मंडळींना मात्र तेल गळण्यात काही वावगं वाटत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी ज्यांनी चालवली, किंवा ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट ज्यांनी तारुण्यात फिरवली, त्यांच्या मते थोडं गळणं हे इंजिन जिवंत असल्याचं लक्षण. "खाली तेल दिसत नसेल तर घाबरावं," असं आमच्या मजल्यावरचे एक जुने बुलेटवाले सांगतात, "याचा अर्थ आतलं संपलं." त्यांच्या दारातली फरशी अजून काळी आहे. बुलेट विकून जमाना झाला.

वाक्य म्हणून हे झकास आहे. पण गळती नुसती फरशीवर थांबत नाही. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर जळका वास आणि धूर येतो, आणि प्रसंगी पेट घेऊ शकतं. क्लचच्या प्लेटवर पोचलं तर क्लच घसरायला लागतो. आणि डिपस्टिकवरच्या खालच्या खुणेपेक्षा पातळी उतरली, की पुढे जे होतं त्याला गॅरेजात 'इंजिन धरलं' म्हणतात. ते एकदा धरलं की सोडत नाही, आणि सोडवायचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. शिवाय पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण करण्याची फी १ एप्रिल २०२२ला सहाशेवरून पाच हजार करण्यात आली. एवढे पैसे भरून पासिंगला नेलेली गाडी तिथेच तेल गाळायला लागली, तर अंगावर काटा येतो.

म्हणून आधी रीतसर गॅरेज गाठलं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आत डोकावले, आणि इंजिनाला हातही न लावता म्हणाले, "पॅकिंग गेलंय."

"कुठलं?"

"ते खोलल्यावर कळेल."

"आणि खोलल्यावर?"

"खोलल्यावर जे जे निघेल ते करावं लागेल."

या तीन वाक्यांत गॅरेजचं सगळं अर्थशास्त्र आलं. त्यांनी एका बिलाच्या पाठीमागे आकडे मांडले. पॅकिंगची किंमत सगळ्यांत लहान होती. तिच्याखाली मजुरी, मजुरीखाली वॉशिंग, त्याखाली 'ऑइल बदलावंच लागेल', आणि सगळ्यांत खाली 'इतर'. एस्टिमेटमधला 'इतर' हा आकडा बाकी सगळे आकडे मिळून होणाऱ्या रकमेच्या जवळपास का असतो, याचा उलगडा मला कधी झालेला नाही. गाडी परत घेऊन आलो आणि घरी जाहीर केलं, की हे काम आपण पार्किंगमध्ये करणार. बायको म्हणाली, "करा की. फक्त सोमवारी मला गाडी लागणार आहे. आणि अहो, जुने टॉवेल म्हणजे कुठले ते आधी मला विचारा."

घरच्या घरी तेलगळती काढायची तर पहिला धडा असा, की डागाकडे बघायचंच नाही. हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, कारण जमलेले सगळे डागाकडेच बघत असतात. तेल वरून निघतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, गाडी चालली की वाऱ्याने मागे ढकललं जातं, एखाद्या बोल्टाच्या डोक्यावर किंवा कडेवर येऊन लोंबतं आणि तिथून सवडीने खाली पडतं. म्हणजे डाग पडतो गिअरबॉक्सखाली आणि उगम असतो इंजिनाच्या माथ्यावर. ज्याने सोसायटीत आयुष्य काढलंय त्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण इमारतीतलं लीकेज अगदी याच चालीचं असतं : ओल येते दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलच्या कोपऱ्यात, भांडण होतं बरोबर वरच्या तिसऱ्या मजल्याशी, आणि पाणी निघतं पाचव्या मजल्याच्या बाथरूममधून. पण हे ज्ञान आपल्याला फक्त छताखाली उभं असताना आठवतं. बॉनेटखाली उभे राहिलो की सगळे जमिनीकडे बोट दाखवतात.

"चेंबर फुटलाय," एकाने निदान केलं. "ड्रेन नट ढिला असणार," दुसऱ्याने. "मागचं सील. इंजिन उतरवावं लागतंय आता," तिसऱ्याने, आणि हे सांगताना त्याच्या आवाजात एक समाधान होतं. तिन्ही निदानं शक्यतेच्या कोटीतली होती. ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशरचा स्विच, कॅमशाफ्टचं सील, चेंबरचं पॅकिंग, ड्रेन नटाचा वॉशर, क्रँकचं मागचं सील : तेल यांतल्या कुठूनही येऊ शकतं. पण शोध वरून खाली घ्यायचा असतो, आणि स्वस्तातून महागात. मागच्या सीलपासून सुरुवात करणारा माणूस एकतर अनुभवी असतो किंवा त्याला दुसऱ्याच्या खर्चाची हौस असते.

दुसरा धडा, आधी धुवायचं. मळलेल्या इंजिनावर नवा ओघळ दिसत नाही. रेशनचं रॉकेल दिसेनासं झाल्यापासून हे काम डिझेल आणि जुना ब्रश यांच्यावर आलंय. इंजिन थंड असताना, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, सगळा चिखल उतरवायचा. पुसून कोरडं करायचं. आणि मग संशयित जागांवर टाल्कम पावडर मारायची. पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली रेघ उमटते, ती थेट उगमाकडे नेते. परदेशात यासाठी तेलात चमकणारा रंग घालून त्यावर अल्ट्राव्हायोलेट दिवा मारतात. आमच्याकडे आईचा पावडरचा डबा होता. तो परत जागेवर ठेवल्यावर तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, "याला ग्रीसचा वास का येतोय रे?" पण तोपर्यंत निदान झालं होतं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, डिस्ट्रिब्युटरच्या बाजूने, पावडरीवर एक काळी बारीक रेघ खाली उतरली होती. तिची जाडी शिवणाच्या दोऱ्याएवढी. हिच्यासाठी ग्रुपवर एवढे फोटो!

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. आत कॅमशाफ्ट फिरत असतो, व्हॉल्व्ह उघडत-मिटत असतात आणि त्यांच्यावर सतत तेल उडत असतं. झाकण आणि हेड यांच्या मधे रबराचं पॅकिंग असतं. वर्षानुवर्षं तापून आणि निवून ते रबर कडक होतं, दबतं, आणि मग कोपऱ्याकोपऱ्यातून तेल वाट काढतं. कुणाचा दोष नाही, वय झालं. एवढ्यासाठी गाडीखाली शिरावंही लागत नाही, हा या गळतीचा मोठाच उपकार. नाहीतर गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त टायर बदलण्यापुरता असतो. नुसत्या त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणारे शूर लोक असतात, पण त्यांचे किस्से दुसरेच लोक सांगतात.

पॅकिंग आणायला नाना पेठ. पुण्यात गाडीचा सुटा भाग म्हटलं की नाना पेठ, हे समीकरण इतकं पक्कं आहे की तिथल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या तोंडून गाडीचं नाव ऐकण्याचीही फारशी गरज नसते.

"टॅपेट कव्हरचं पॅकिंग द्या. मारुती ८००."

"कार्ब्युरेटर का एमपीएफआय?"

"कार्ब्युरेटर."

"जुना नमुना आणलाय?"

"अजून खोललं नाही."

यावर त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं. न खोलता पॅकिंग मागायला आलेला माणूस त्यांना बहुधा पत्रिका न बघता लग्नाचा हॉल बुक करणारा वाटला असावा. मग मागे न वळता हात मागे नेऊन भिंतीवरच्या शंभर पाकिटांतलं एक पाकीट काढलं आणि काउंटरवर टाकलं. बरोबर तेच होतं. "ओरिजिनल आहे ना?" या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं, "बसतंय." पुण्यातल्या दुकानदाराने दिलेली हमी यापेक्षा लांब नसते, आणि खोटीही नसते.

राहिली हत्यारं. या कामाला लागतो मुख्यतः दहा नंबरचा पाना. घरातल्या हत्यारांच्या डब्यात आठ असतो, बारा असतो, चौदा, सतरा, एकोणीस असतात, आणि कधीही न लागणारे बावीस-चोवीसही असतात. दहाची खाच रिकामी असते. जपान्यांनी गाड्यांना सहा मिलिमीटरचे बोल्ट सढळ हाताने लावले, त्यांची डोकी दहा नंबरची, म्हणून सगळ्यांत जास्त वापर त्याचा, आणि म्हणून सगळ्यांत आधी हरवतो तो. इतकं साधं आहे. तरी तो हरवला की घरातले सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात. पुण्यात बुधवार आणि रविवारच्या जुन्या बाजारात दहा नंबरच्या गोट्यांचा ढीग दिसतो, तेव्हा हरवलेले सगळे कुठे जातात ते कळतं.

मी मात्र तिथे न जाता टेल्कोतून निवृत्त झालेल्या काकांची बेल वाजवली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी पुण्याच्या सोसायट्यांना काय दिलं, याचा इतिहास कधीतरी लिहिला पाहिजे. प्रत्येक इमारतीत असा एक माणूस असतो, ज्याच्या कपाटात कपड्यांपेक्षा हत्यारं जास्त घडी घालून ठेवलेली असतात. काकांनी दहा नंबरची गोटी दिली, टी पाना दिला, आणि मग आतल्या खोलीतून मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी घेऊन आले. टॉर्क रेंच. "मी येतो खाली," ते म्हणाले. रेंच एकट्याने बाहेर जात नाही, हे त्यात आलं.

बॉनेट उघडलं आणि गर्दी जमली. उघड्या बॉनेटभोवती मराठी माणूस का थांबतो, हे कोडं आहे. त्याला घाई असते, हातात दुधाची पिशवी असते, तरी तो थांबतो, आणि थांबला की बोलतो. पहिला आला 'विकून टाका'वाला. त्याने स्वतःच्या गाड्या कधी किती पैशांना विकल्या याची माहिती दिली. दुसऱ्याने जाडं तेल घालायला सांगितलं, वीस-चाळीसच्या जागी वीस-पन्नास, म्हणजे गळणार नाही. तिसऱ्याने बाजारात मिळणारं एक औषध सुचवलं, जे तेलात ओतलं की रबर फुगतं आणि गळती थांबते. दोन्ही उपाय थोडे दिवस चालतात, हे खरं. पण मग रबरही जुनं राहतं आणि सल्लाही.

इलेक्ट्रिक गाडीवाले लांबूनच हसत होते. "आमच्यात भानगडच नाही. तेलच नाही!"

"गिअरचं तेल आहे," काका मान वर न करता म्हणाले. "बॅटरीला कूलंटही आहे. मॅन्युअल वाचा."

ते गृहस्थ आपल्या गाडीकडे गेले आणि खाली वाकून बघून आले.

या सगळ्यात एका जेवण पोचवणाऱ्या मुलाने बाइक थांबवली, हेल्मेट न काढता आत नजर टाकली, "टॅपेटचं पॅकिंग ना? कोपऱ्याला थोडंसंच सिलिकॉन लावा," एवढं बोलून तो लिफ्टकडे पळाला. दिवसभरातला एकमेव बरोबर सल्ला अशा माणसाने दिला ज्याला थांबायला वेळ नव्हता. सल्ल्याची किंमत आणि सल्लागाराची सवड यांचं प्रमाण व्यस्त असतं, असा एक नियम यातून निघतो.

टॉर्च धरायला एक मुलगा मिळाला. टॉर्च धरणारा माणूस, वय काहीही असो, प्रकाश तिथेच पाडतो जिथे त्याला स्वतःला बघायचं असतं. बोल्ट डावीकडे, प्रकाश उजवीकडे. सांगितलं की प्रकाश क्षणभर बोल्टवर येतो आणि हळूच परत उजवीकडे सरकतो, कारण उजवीकडे पालीचं एक वाळलेलं पिल्लू असतं.

एअर क्लीनर काढला. प्लगच्या तीन वायरींना चिकटपट्टी लावून एक, दोन, तीन लिहिलं, कारण त्यांची अदलाबदल झाली तर गाडी सुरू होणार नाही आणि दोष पॅकिंगवर येईल. बोल्ट निघाले. झाकण निघेना. जुनं रबर चिकटून बसलेलं. इथे स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तसा सल्ला एकमताने मिळाला. काकांनी एकमत धुडकावलं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्याच्या कडेवर एक ओरखडा पडला, की तेलाला कायमचा रस्ता मिळाला. तळहाताने बाजूने ठोकत राहायचं. चहूबाजूंनी, सबुरीने. शेवटी एक बारीक 'चप्' असा आवाज आला आणि झाकण हातात आलं.

आतलं दृश्य बघून गर्दी गप्प झाली. बाहेरून सगळं काळं, मळकं; आत मात्र कॅमशाफ्ट तेलात न्हाऊन लखलखत होता. त्याचे उंचवटे आरशागत गुळगुळीत, प्रत्येक खळग्यात तेलाचं छोटं डबकं, आणि डबक्यात पार्किंगच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. एवढी वर्षं हे आपल्या पायाशी मिनिटाला दीड-दोन हजार वेळा फिरत होतं आणि आपण रेडिओ ऐकत होतो. 'विकून टाका'वालासुद्धा म्हणाला, "छान ठेवलंय हो."

जुनं पॅकिंग बोटांत धरून वाकवलं, तर वाकलं नाही, कट्कन मोडलं. एका कडेला ते पार चपटं झालं होतं. तोच मागचा कोपरा. त्याचे तुकडे आत पडू नयेत म्हणून उघड्या भागावर कापड अंथरून (टॉवेल कुठला, हे विचारून घेतलं होतं) दोन्ही कडा लाकडाच्या पट्टीने खरवडल्या, पुसल्या, पुन्हा पुसल्या. तेलाचा थेंबही राहता कामा नये. तेलकट कडेवर नवं पॅकिंगही सरकतं.

मग सिलिकॉनची ट्यूब. भारतीय माणसाला ट्यूब दिली की तो ती संपवतो. "सगळीकडे जाडसर मारा, आयुष्यभर बघायला नको," असा आग्रह झाला. पण जास्तीचं सिलिकॉन दाबाखाली जितकं बाहेर येतं तितकंच आतही जातं, सुटतं, तेलाबरोबर खाली उतरतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. जाळी बंद म्हणजे तेल बंद. गळती थांबवण्याच्या नादात इंजिन थांबतं. म्हणून फक्त कोपऱ्यांवर, जिथे दोन भागांचा सांधा येतो तिथे, तांदळाच्या दाण्याएवढं. उरलेली ट्यूब खिशात.

बोल्ट हाताने बसवले आणि काका पुढे सरसावले. फडकं सोडलं, रेंचच्या दांड्यावरचा आकडा लावला, आणि सांगितलं की मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला एक किलोचं वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल, सहा मिलिमीटरच्या बोल्टाला त्याहून जास्त द्यायचा नाही. मग थोडं याला, थोडं समोरच्याला, पुन्हा याला. रेंच 'टक्' वाजला की थांबायचं.

"अजून अर्धा आटा द्या ना," मागून आवाज आला.

काका थांबले. वळले. जास्त आवळलं की झाकण वाकतं, रबर चिरडतं, हेडमधले आटे जातात, आणि नवीन गळती सुरू होते, हे त्यांनी सगळ्यांना समजेल अशा आवाजात सांगितलं. वर हेही सांगितलं, की टॉर्क रेंच आपणच १९१८मध्ये तयार केला असं म्हणणारे कॉनरॅड बार हे न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातले होते. जमिनीखालच्या पाइपांचे बोल्ट कामगार फार आवळायचे, म्हणून त्यांना ते सुचलं. म्हणजे हे हत्यार जास्त जोर लावण्यासाठी नव्हे, जोर आवरण्यासाठी निघालं. "आमच्या शॉपमध्ये नव्या पोराला पहिले हेच शिकवायचो," काका म्हणाले. "ताकद सगळ्यांकडे असते. थांबायचं कधी, ते रेंच सांगतो." 'अर्धा आटा'वाले दूध फाटेल म्हणून वर गेले.

एवढं झाल्यावरही काकांनी ब्रीदर तपासायला लावला. इंजिनाच्या पोटातली हवा ज्या नळीने बाहेर पडते ती चोंदली, तर आत दाब वाढतो आणि कितीही चांगलं पॅकिंग असलं तरी तेल बाहेर ढकललं जातं. नळी निम्मी चोंदलेलीच निघाली. ती साफ केली. नवं पॅकिंगही महिन्यात का गळतं, या पुष्कळांच्या प्रश्नाचं उत्तर त्या नळीत होतं, आणि ती बघायला एक पैसाही लागत नाही. म्हणूनच ती कुठल्याच एस्टिमेटमध्ये नसते. 'इतर'मध्येसुद्धा.

सिलिकॉन वाळू दिलं, गाडी सुरू केली, कव्हरभोवती पुन्हा पावडर मारली. पावडर पांढरी राहिली. तरी पुढचे काही दिवस खाली एखादा थेंब पडतोच, कारण इंजिनाखालच्या कपारींत साठलेलं जुनं तेल सावकाश निथळत असतं. हे ग्रुपवर समजावून सांगणं सगळ्या दुरुस्तीपेक्षा कठीण गेलं. फरशीवरचा डाग लाकडाच्या भुशाने आणि मग धुण्याच्या सोड्याने बराचसा निघाला. घासताना वरून दोन बायकांनी रांगोळी टाका म्हणून सांगितलं. तीही टाकली, आणि तेल खरोखरच तिने भुशापेक्षा छान ओढलं. जुनं तेल आणि डिझेलचं मळकं पाणी मात्र गटारात ओतायचं नसतं. वापरलेलं इंजिन ऑइल हे सरकारी नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. ते डब्यात भरून गॅरेजला नेऊन दिलं. मिस्त्रींनी डबा घेतला, गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "कुठून गळत होतं?"

"टॅपेट."

"मी बोललो होतो ना, पॅकिंग म्हणून?"

पैशांचा हिशेब मांडला तर पॅकिंग दोन-अडीचशेचं, आणि दिवसभर खाली गेलेला चहा त्याच्या वरचढ. वाचलेल्या रकमेतून मी दहा नंबरच्या दोन गोट्या घेतल्या, एक हरवण्यासाठी. पण खरा बदल सोसायटीतल्या माझ्या स्थानात झाला. आता कुणाची स्कूटर गळते, कुणाचा मिक्सर, कुणाच्या टाकीचा बॉलकॉक, आणि सगळे माझ्याकडे येतात. मी उत्तर एकच देतो : आधी पुसा, मग वर बघा. बहुतेकांना ते पटत नाही. डागाशी भांडणं सोपं असतं. तो समोर असतो आणि उलट बोलत नाही.

परवा सेक्रेटरी स्वतः आले. चपला बाहेर काढल्या, बसले, पाणी घेतलं.

"ती तुमची सिलिकॉनची ट्यूब उरलीय का हो? आमच्या बेडरूमच्या छतात ओल आलीय. कोपऱ्यातच आहे. म्हटलं, खालून मारून बघावं."

"खालून मारून काय उपयोग? वरून यायला पाहिजे ते."

"ते मलाही कळतं," सेक्रेटरी म्हणाले, "पण वरचे दार उघडत नाहीत." आणि मग जरा पुढे सरकून, आवाज उतरवून, "तुमचे ते टेल्कोचे काका येतील का हो बरोबर? रेंच घेऊन?"